पुसता येणारे, तरी टिकणारे

ज्ञान जमवावे आणि ते टिकावे, या ध्यासाने वाईत मोठी कामे उभी राहिली. प्राज्ञपाठशाळेने धर्मकोश हाती घेतला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा गावच्या वाचकाला साठवणीच्या साधनांचे शास्त्र परके वाटू नये. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी प्रकाशीय तबकडी ही त्या शास्त्राचीच एक शाखा.

या तबकडीचे मर्म एका अतिपातळ थरात आहे. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचे संयुग हे त्याचे एक प्रसिद्ध रूप. लेसरच्या तीव्र स्पंदाने त्यातला सूक्ष्म ठिपका सुमारे ६०० अंश सेल्सिअसला वितळतो आणि क्षणार्धात थिजतो. अणूंना रांगेत बसायला सवड मिळत नाही. ठिपका अस्फटिकी राहतो आणि प्रकाश कमी परावर्तित करतो. तोच ठिपका वितळू न देता तापवला, की अणू पुन्हा रचनेत येतात आणि लिहिलेले पुसले जाते. पाक सावकाश निवला तर खडीसाखर होते, झटकन गार केला तर काचेसारखा थिजतो. इथेही सारा खेळ निवण्याच्या वेगाचा.

खरी अडचण पुढे आहे, आणि मला या विषयात तीच सर्वांत मोलाची वाटते. वेगाने पुसायचे तर थर झटकन स्फटिकी व्हायला हवा. लिहिलेले वर्षानुवर्षे राहायचे तर घरातल्या तापमानाला तो स्फटिकी होता कामा नये. वेग आणि टिकाऊपणा यांची ओढ अशी उलट दिशांना असते. शिवाय प्रत्येक लेखनात वितळलेले द्रव्य किंचित सरकते, मूलद्रव्ये विलग होऊ लागतात. म्हणून दोन्ही बाजूंना झिंक सल्फाइड व सिलिका यांच्या मिश्रणाचे संरक्षक थर देतात. त्यातले गंधक आत शिरू नये म्हणून नायट्राइडचा आणखी एक पापुद्रा. सीडी-आरडब्ल्यूवर साधारण एक हजार वेळा लिहिता येते, डीव्हीडी-रॅमसाठी हाच आकडा एक लाख धरतात. दमट हवेने परावर्तक धातूचा थरही खराब होतो, हे आपल्या कृष्णाकाठच्या पावसाळ्यात विसरून चालणार नाही.

दुकानांतून तबकड्या दिसेनाशा झाल्या, तरी हे शास्त्र शिळे झालेले नाही. याच कुळातली संयुगे विजेवर चालणाऱ्या संगणकी स्मृतीत वापरली गेली आहेत. या विषयावरचे पुस्तक हाती घेणाऱ्या नव्या वाचकाने पहिल्या वाचनात समीकरणे ओलांडून जावीत. थरांची रचना मात्र कागदावर स्वतः काढून पाहावी.