टोकन नंबर सत्तेचाळीस

माणसाला इतिहासाची गोडी दोन वेळी लागते. एक म्हातारपणी, आणि दुसरी हातात टोकन घेऊन ताटकळताना. मी अजून चाळिशीतच असल्यामुळे मला ती दुसऱ्या मार्गानं लागली.

स्थळ बारामती, भिगवण रस्ता. वेळ रविवार संध्याकाळची. बर्गर, पिझ्झा आणि आइस्क्रीम एकाच छपराखाली मिळणारं दुकान. गल्ल्यावरच्या पोरानं आधी पैसे मोजून घेतले आणि कागदाचा एक चिटोरा माझ्या हातात ठेवला. त्यावर आकडा 47. भिंतीवरच्या पाटीवर लाल अक्षरांत 29.

"अहो, जरा विचारा ना, किती वेळ लागेल ते," सौभाग्यवती म्हणाल्या.

मी विचारलं. पोरगा मान वर न करता म्हणाला, "नंबर येईल तेव्हा येईल."

हे वाक्य मी ताबडतोब ओळखलं. ते माझंच होतं. 2004 साली मी बँकेत चिकटलो तेव्हा आमच्या शाखेत पितळी टोकनं होती. ती खिडकीतून बाहेर सरकवताना मी हेच वाक्य ह्याच सुरात म्हणत असे. गिऱ्हाइकाच्या बाजूनं ते कसं ऐकू येतं, हे मात्र वीस वर्षांनी कळलं.

उभ्या उभ्या करणार काय? इतिहास आठवू लागलो. मी बी. कॉम.; इतिहास काही माझा विषय नव्हे. पण प्रत्येक खात्याला मागील बाकी असते, तशी ती आइस्क्रीमच्याही खात्याला असणारच.

तर मागील बाकी अशी. अकबर बादशहाच्या काळी सोरा घालून पाणी गार करत, असं 'ऐने अकबरी'त नमूद आहे. साध्या माणसाच्या नशिबी मात्र माठ. पुढं 1833 साली 'टस्कनी' नावाच्या जहाजानं बॉस्टनहून थेट कलकत्त्याला बर्फ आणला. निघाला सुमारे 180 टन, चार महिन्यांनी पोचला सुमारे 100 टन. एवढी घट आमच्या शाखेत आली असती तर मॅनेजरसह सगळे घरी बसले असते. पण अमेरिकन व्यापाऱ्यानं त्यातही धंदा केला. पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईत आला. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे गिऱ्हाइकाची पहिली तक्रारही तेव्हाचीच म्हणायची.

आमचे बारामतीचे मोरोपंत 1794 साली गेले. आइस्क्रीम त्यांचं चाळीस वर्षांनी हुकलं. नाहीतर त्याच्यावरही त्यांनी दोनचारशे आर्या सहज केल्या असत्या. पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला होते, आणि नाईकांचं घराणं सावकारीतलं. तेव्हा पेढीच्या आसऱ्यानं लिहायची परंपरा ह्या गावात जुनी आहे. मधल्या काळात दर्जा तेवढा घसरला.

पाटीवर 33.

माझं लहानपण इंदापूरचं. तिथं आइस्क्रीम म्हणजे उन्हाळ्यात भाड्यानं आणलेला लाकडी पॉट. ह्या पॉटाची मूळ कल्पना फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंची; 1843 साली त्यांनी पेटंट घेतलं. आमच्या वाड्यात मात्र तो दत्तू मामाचा शोध समजला जाई. गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी यायची, मुसळानं फुटायची, त्यावर खडेमीठ पडायचं. मिठानं बर्फ शून्याच्या वीसेक अंश खाली उतरतो, हे शास्त्र आम्हाला ठाऊक नव्हतं. दांडा फिरवून खांदे उतरतात एवढं ठाऊक होतं. तासभर फिरवा, मग वाटीभर मिळायचं. अधूनमधून त्यात मीठही शिरलेलं असायचं. पण तक्रार करणार कुणाकडे? गिऱ्हाईक आपण आणि कारखानाही आपणच.

पाटीवर 38. तेवढ्यात मागून हाक आली, "राम राम सायेब."

वळून पाहिलं तर आमच्या बँकेचे खातेदार आबा. इंदापूर तालुक्यातले, चार संकरित गाया, दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार, आणि तो काढायला दर खेपेला आमची खिडकी. बरोबर आठेक वर्षांचा नातू. हातात टोकन, नंबर 52.

"फार वेळ लावतात हो हे," मी आपला सलगीनं म्हणालो.

"असूं द्या की. नंबर येईल तवा येईल." आबा मिशीत हसले. "तुमीच शिकवलंय."

ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला आठवलं, एकदा आबांचं टोकन आत घेऊन मी जेवायला उठलो होतो, आणि परत आलो तेव्हा ते त्याच बाकावर बसले होते. म्हशीला रेडकू होणार होतं त्या दिवशी, असं नंतर शिपायानं सांगितलं.

विषय बदलावा म्हणून मी ज्ञान पाजळलं. "आबा, मॅक्डोनाल्ड नावाचं मोठं हॉटेल आहे ना, ते 1996 साली आपल्या देशात आलं. त्यांच्या बर्गरमधलं चीज आपल्या बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून जायला लागलं. म्हणजे मुंबईची पोरं इथलंच दूध खात होती!"

"आसं व्हय?" आबांना बरं वाटलेलं दिसलं. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी 1885 च्या सुमारास ह्या दुष्काळी मुलखात आलं, त्यावर ऊस झाला, चारा झाला, गोठे भरले. त्या सगळ्याचा शेवट बर्गरात होत असेल, हे त्यांच्या आजोबांच्या स्वप्नातही आलं नसेल. आबांनी भिंतीवरच्या आइस्क्रीमच्या चित्राकडं बोट केलं. "मग ह्येच्यात बी आपलंच दूध आसंल?"

मी पुढं होऊन चित्राखालची बारीक अक्षरं वाचली. बारीक अक्षरं वाचणं हा आमचा धंदाच. तिथं 'आइस्क्रीम' लिहिलेलं नव्हतं. 'फ्रोझन डेझर्ट' होतं. कायद्यानं आइस्क्रीममध्ये निदान दहा टक्के दुधाची स्निग्धता लागते. फ्रोझन डेझर्टला वनस्पती तेल चालतं.

"ह्यात बहुतेक तेल आहे, आबा."

आबा क्षणभर गप्प राहिले. "माझ्या दुधाला साडेतीन फॅट लागली न्हाई तर डेरीवाला पैसं कापतो. आन् हितं तेल घालून एका वाटीला माझ्या तीन लिटरचं पैसं घेत्यात?"

ह्या हिशेबाला माझ्या बी. कॉम.च्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं.

पाटीवर 47 लागला. नातू डोळे चोळत आबांच्या धोतराला लोंबकळत होता. मी टोकनं बदलली. सौभाग्यवतींनी डोळे वटारले, पण पोराकडं पाहून गप्प बसल्या. पोरानं पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, "आबा, लई ग्वाड हाय!" आबांनी त्याला तेलाचं काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात आबा पगार काढायला आले. घड्याळात जेवणाची वेळ झाली होती. शेजारच्या टेबलावर डबे उघडण्याचा आवाज येत होता. मी बसून राहिलो, आबांचे पैसे दोनदा मोजले आणि खिडकीबाहेर सरकवले.

आबांनी नोटांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, मग काळजीनं माझ्याकडं पाहिलं.

"काय सायेब, आज डबा न्हाई का आणला?"