मद्रासचा किनारा आणि आकाशाची दोन मापे

मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बांधीव बंदर नव्हते. जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी राहत आणि माल व माणसे मसुला नावाच्या, फळ्या दोरीने शिवलेल्या होड्यांतून लाटा पार करून आणली जात. महासागर ओलांडून अशा उघड्या किनाऱ्याकडे येणाऱ्या जहाजाला आपले रेखांश बिनचूक ठाऊक असणे अत्यावश्यक होते. अक्षांश माध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीवरून काढता येत. रेखांशासाठी मात्र अचूक वेळ लागे, कारण पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते आणि घड्याळातील 4 सेकंदांची चूक मद्रासजवळ जवळपास 1 सागरी मैलाइतकी भरते.

ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी विल्यम पेट्री यांनी 1786 मध्ये मद्रासमधील एग्मोर येथे खासगी वेधशाळा सुरू केली आणि 1792 मध्ये किनाऱ्याचे सर्वेक्षक मायकेल टॉपिंग यांच्या आराखड्यानुसार नुंगमबाक्कम येथे ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा उभी राहिली. खगोल व भूगोल यांच्या जोडीने नौकानयनाची वृद्धी हाही तिचा घोषित हेतू होता. तेथील खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅम यांनी गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांचे वेध घेतले. हे ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी दिसते, म्हणून दोन ठिकाणच्या स्थानिक वेळांतील फरक हाच त्यांच्या रेखांशांतील फरक असतो. पुढे ग्रिनिचपेक्षा 5 तास 21 मिनिटे 14 सेकंद पुढे असलेली ‘मद्रास वेळ’ देशातील रेल्वेनेही स्वीकारली.

याच किनाऱ्यावरील तांडेलांचे, म्हणजे देशी गलबते हाकणाऱ्यांचे, साधन निराळे होते. कॅप्टन कॉन्ग्रीव्ह यांनी 1850 मध्ये मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत त्याचे वर्णन केले आहे: हाताएवढीही नसलेली एक आयताकृती फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली, गाठी मारलेली दोरी. फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला टेकेपर्यंत ती डोळ्यापासून पुढे-मागे सरकवायची. त्या अंतरावर येणारी गाठ ताऱ्याची उंची, म्हणजेच स्थूलमानाने अक्षांश, दाखवी. अरबी खलाशांच्या ‘कमाल’ या साधनाचेच हे भावंड होय.

त्याला ओबडधोबड म्हणणे अन्यायाचे आहे. हा कोरोमंडलचा किनारा बव्हंशी दक्षिणोत्तर धावतो. नागपट्टणम 11 अंशांच्या किंचित खाली, मद्रास 13 वर, मछलीपट्टणम 16 च्या थोडे वर, त्यामुळे किनारा धरून जाणाऱ्या तांडेलाला अक्षांश कळले की बंदर कळले, रेखांशाचा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहत नसे. क्रॉनोमीटर, म्हणजे जहाजावरचे अचूक घड्याळ, हे केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्यांच्या गरजेचे उत्तर होते, फळी ही किनाऱ्यालगत व्यापार करणाऱ्यांच्या. नुंगमबाक्कमच्या वेधशाळेचा इतिहास सविस्तर लिहिला गेला, तसा या गाठींचा अजून लिहिला जायला हवा.