निवारागृहातली मुले बोलली तेव्हा

शेवगाव-पाथर्डीतली कुटुंबे ऊसतोडीला निघाली की काही मुले वसतिगृहाच्या भरवशावर मागे राहतात. तो भरवसाच मोडला, तर मुलांनी कोणाला सांगायचे?

१९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी, चाइल्डलाइन, उभी राहिली आणि समाजकार्याचा अभ्यास थेट मुलांच्या हाकेला जोडला गेला. २००१ मध्ये मुंबईतल्या कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवारागृहातल्या मुलांवरील लैंगिक अत्याचारांची तक्रार पुढे आली. २००६ मध्ये आरोपींना शिक्षा झाली. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडले.

चाइल्डलाइन हटली नाही; ती सर्वोच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षीवर विश्वास ठेवून शिक्षा पुन्हा लागू केली.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा ‘पॉक्सो’ कायदा लागू झाला. बालगृहातल्या कर्मचाऱ्याने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार त्यात अधिक गंभीर गुन्हा ठरतो.