गणवेशाचं माप कोण घेणार?

शाळेत गणवेश असावा की नसावा यावर शहरातली मंडळी तावातावाने भांडतात. मुलांचं स्वातंत्र्य, शिस्त, समानता वगैरे वगैरे. आमच्या कुंभार पिंपळगावकडे कुणी "गणवेश कशाला?" असं विचारलेलं मला तरी आठवत नाही. इकडचे प्रश्न वेगळे. कपडा कोण ठरवणार, पैसे कोण देणार, आणि माप कोण घेणार?

पहिला प्रश्न तसा जुनाच. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वर शिकायचं तर उस्मानिया विद्यापीठ, तिथली भाषा उर्दू आणि पोशाख शेरवानी. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्यावरून जो लढा दिला, त्या असंतोषात हा लादलेला पोशाखही होता. पुष्कळांना काढून टाकलं, नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. गंमत म्हणजे शेरवानी मुळात वाईट नव्हती हो, अंगावर शोभणारीच. ती कुणी घालायला लावली, हे खुपत होतं.

पुढे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. (जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच, वेगळा झाला १९८१ ला.) पांढरा सदरा, खाकी चड्डी, मुलींना निळा स्कर्ट हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यासमोर असेल. कापड घरचं, शिलाई गावातल्या शिंप्याची, आणि माप नेहमी 'वाढत्या अंगाचं'! पहिल्या वर्षी चड्डी गुडघ्याखाली, तिसऱ्या वर्षी मांडीवर. बऱ्याच घरी तोच एक धड कपडा, लग्नालाही तोच. सगळे सारखे दिसतात म्हणे... पण ज्याला ठिगळ होतं त्याला ते पक्कं ठाऊक असायचं.

मग सर्व शिक्षा अभियानात दोन गणवेश फुकट मिळू लागले. सगळ्या मुलींना, आणि मुलांपैकी अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांना. एकाच बाकावरच्या दोघांत एकाला नवा, दुसऱ्याला नाही. समानतेच्या कपड्यानेच भेद दाखवला. त्यात दुसऱ्याचा बाप म्हणजे कोरडवाहू शेतकरी, कागदावर दारिद्र्यरेषेच्या जरासा वर एवढंच. राहिलेल्या मुलांची सोय व्हायला २०२३ उजाडलं.

आणि त्याच वर्षी 'एक राज्य एक गणवेश' आलं. शाळांनी कपडे आधीच सांगून ठेवलेले, म्हणून तोडगा असा की तीन दिवस शाळेचा गणवेश, तीन दिवस सरकारचा. प्रत्यक्ष अंमल झाला २०२४-२५ ला. कापड वरून, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे. दुसरा गणवेश स्काऊट-गाईडचा, त्याच्या शिलाईला १०० रुपये आणि वरखर्चाला १०. शंभर रुपयांत कोण शिवून देतं, हे कुठल्याही शिंप्याला विचारा! शाळा जूनमध्ये उघडल्या, पंधरा ऑगस्ट उलटला तरी कित्येक ठिकाणी गणवेश नाहीत. आले ते कुणाला ढगळ, कुणाला घट्ट. बायकांना काम मिळावं हा हेतू चांगलाच होता, आणि शिवणाऱ्या बायांचा यात काय दोष? त्यांनी ते पोर पाहिलेलंच नव्हतं.

(मधल्या मध्ये, मार्च २०२४ ला मास्तरांनाही पोशाख ठरवून दिला. जीन्स नको, टी-शर्ट नको. असो.)

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने योजना मागे घेतली आणि २०२५-२६ पासून अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात. दोन गणवेशांचे सहाशे रुपये आता तिच्या खात्यावर. कापडाचा भाव, शिलाई, उधारी हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पोराला शिंप्याच्या दुकानात उभं करून "जरा वाढत्या अंगाचं घ्या" म्हणायलाही त्याच आहेत.