दारातल्या वेली कुठून आल्या?

मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला वेलांटी शिकवावी लागते. ऱ्हस्व इकाराची पहिली, दीर्घ ईकाराची दुसरी. या शब्दात वेल दडलेली आहे असे सांगितले की मुलांना मौज वाटते आणि एखादे चौकस मूल विचारते, "सर, खरी वेल पहिली वेलांटी काढते का दुसरी?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काठीभोवती वळसे घेणारी वेल स्वतःची दिशा सहसा सोडत नाही. गणेशवेल किंवा वालाची वेल घ्या. वरून पाहिले तर तिचा शेंडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसेल. मुद्दाम सोडवून उलटी गुंडाळली, तरी नवा वाढलेला शेंडा पुन्हा आपल्याच दिशेने वळतो.

चार्ल्स डार्विनला या गोष्टीने चांगलेच पछाडले होते. आजारपणामुळे खोलीत पडून असताना त्याने हॉप नावाच्या वेलीची कुंडी जवळ ठेवून घेतली आणि शेंडा किती वेळात एक फेरी पुरी करतो ते मोजले. उन्हाळ्याच्या दिवसांत सरासरी २ तास ८ मिनिटे. ही हॉपची वेल आपल्या गणेशवेलीच्या उलट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. त्याचा वेलींवरचा प्रबंध १८६५ साली प्रसिद्ध झाला. हा प्रयोग करायला कुंडी, काठी आणि घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो.

परंतु आज आमचा विषय वेल कशी चढते हा नसून ती आपल्या दारापर्यंत कशी आली हा आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा यांपैकी कोणत्याही गावाच्या जुन्या गल्लीतून चक्कर मारा. माळवदाची घरे आता कमी झाली. तरी जिथे ढाळज शिल्लक आहे तिथे तिच्या कडेने एखादी वेल वर गेलेली दिसते. बहुतेक वेळा तिचे मूळ न्हाणीच्या मोरीजवळ असते. ही जागा शोभेचा विचार करून ठरलेली नाही. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दिवसांत पिण्याचे पाणी जपून वापरायचे, तिथे फुलझाडाला वेगळे पाणी कोण घालणार? आंघोळीचे सांडपाणी जिथे जाईल तिथे जाई लावायची, असा साधा हिशेब होता.

जाई आणि जुई ही नावे आपण एका दमात घेतो, आणि म्हणूनच त्या ओळखण्यात घोटाळा करतो. आमचा अनुभव असा की दहा जणांना विचारले तर सात जण फुलांच्या आकारावरून अंदाज बांधतात. त्यापेक्षा पान पाहावे. जाईचे पान संयुक्त असते, देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक पर्णिका. कळीला बाहेरून गुलाबी छटा असते. जुईच्या पानात टोकाची एकच पर्णिका मोठी असते आणि तिच्या खाली दोन अगदी बारक्या पर्णिका कानांसारख्या चिकटलेल्या असतात. कधी त्याही नसतात. या कानांवरूनच जुईला ऑरिक्युलॅटम, म्हणजे कान असलेली, असे शास्त्रीय नाव मिळाले. वर्गात दोन डहाळ्या नेल्या तर पाच मिनिटांत मुले हा फरक स्वतः शोधतात.

आपल्याकडे फुलवेलींवरचे प्रेम किती जुने? पैठणच्या सातवाहनांशी जोडल्या गेलेल्या हालाच्या गाथासप्तशतीत मालती आणि तिच्याभोवती घुटमळणारा भुंगा अनेकदा भेटतात. गाथा महाराष्ट्री प्राकृतातल्या, गोदाकाठच्या जीवनाच्या. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी या भागातल्या माणसांना फूल आणि कीटक यांचे नाते नीट दिसत होते. परागीभवन हा शब्द तेवढा नव्हता. यादवकाळातल्या देवळांच्या दारांच्या चौकटीवर उभ्या नक्षीच्या पट्ट्या असतात. त्यांना शाखा म्हणतात, आणि त्यांत पानाफुलांची पत्रशाखा बहुधा असते. औंढा नागनाथला सहल नेली तर मुलांना दर्शनानंतर अर्धा तास द्यावा आणि दगडात वेल शोधायला सांगावे. ज्ञानदेवांच्या नावावरील एका सुप्रसिद्ध रचनेत तर दारातला मोगरा वेल होऊन आभाळाला भिडतो. मोगरा मुळात झुडूप, मग त्याची वेल कशी, अशी शंका एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारली होती. मोगऱ्याच्या लांब फांद्या आधार मिळाला की त्यावर रेलून चढतात, आणि वेलमोगरा नावाचा प्रकार तर आजही बागांत लावतात. कवीला सूट द्यायची गरज इथे फारशी पडत नाही.

आता मधुमालतीकडे वळू. नाव इतके संस्कृत की ती कालिदासाच्या काळापासून दारात असावी असे वाटते. पण संस्कृत काव्यातली माधवी म्हणजे हळदवेल. ती जंगलातली मोठी काष्ठवेल असून तिच्या पांढऱ्या झालरदार फुलातल्या एका पाकळीवर पिवळा डाग असतो. मालती ही आणखी वेगळी. दारातल्या लाल-गुलाबी झुबक्यांच्या वेलीला आपण या दोघींची नावे जोडून दिली. जुनी माणसे तिला रंगूनची वेल म्हणत.

तिच्या शास्त्रीय नावाची कथा मात्र सांगण्यासारखी आहे. इंडोनेशियातील अंबोन बेटावर सतराव्या शतकात रुम्फियस नावाचा मूळचा जर्मन माणूस डच कंपनीच्या नोकरीत होता. बेटावरच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहायला त्याने घेतला आणि १६७० साली त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात पत्नी आणि मुलगी दगावली. १६८७ च्या आगीत चित्रे जळाली. ती पुन्हा काढवून घेऊन हस्तलिखिताचा पहिला भाग हॉलंडला पाठवला, तर १६९२ मध्ये ते जहाजच बुडाले. नक्कल करून ठेवली होती म्हणून ग्रंथ वाचला. तो छापून निघू लागला १७४१ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर ३९ वर्षांनी. या रुम्फियसने आपल्या मधुमालतीचे वर्णन करताना तिला 'क्विस क्वालिस' असे लॅटिन नाव दिले. अर्थ साधारण 'कोण? कशी?' असा. मलाय भाषेतले 'उदानी' हे नाव डच कानांना 'कसे?' या अर्थाच्या शब्दासारखे ऐकू आले, त्याचे हे लॅटिन रूप. शिवाय ही वेल आधी झुडपासारखी वाढते आणि मग एकाएकी वेल होते, तेव्हा प्रश्न योग्यच होता. लिनियसने पुढे तेच नाव प्रजातीला दिले. अलीकडे तिला काँब्रेटम या प्रजातीत घातले आहे, त्यामुळे एक मजेदार नाव पुस्तकातून गेले याचे आम्हांला थोडे वाईट वाटते.

मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होते. एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात ते यामुळे. फुलाची नळी दोन-अडीच इंच लांब. पांढऱ्या ताज्या फुलावर तिन्हीसांजेनंतर लांब सोंडेचे मोठे पतंग येतात. दिवसा रंगीत फुलांवर मधमाश्या आणि पक्षी फिरतात. एका कळीला दोरा बांधून तीन दिवस तिचा रंग वहीत नोंदवणे हा पाचवीच्या मुलालाही जमणारा उद्योग आहे.

बोगनवेल तर नावासकट परकी. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल १७६६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या मोहिमेत कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याच्याबरोबर पुरुषवेषातला एक मदतनीस. तो मदतनीस म्हणजे जान बारे ही स्त्री. त्या काळी फ्रेंच आरमाराच्या जहाजावर स्त्रियांना मज्जाव होता. १७६७ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरोजवळ या वेलीचा नमुना मिळाला. कॉमर्सनच्या पायाला तेव्हा जखम होती, त्यामुळे प्रत्यक्ष हिंडून तो बारेनेच गोळा केला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. पृथ्वीला फेरी घालणारी पहिली ज्ञात स्त्री हीच. वेलीला नाव मात्र कप्तानाचे मिळाले. आपल्या लोकांनी त्या नावाच्या शेपटातून नेमकी 'वेल' काढून घेतली आणि बोगनवेल हा अस्सल मराठी वाटणारा शब्द केला! आमच्या मते कोणत्याही परिभाषा समितीला इतके चांगले भाषांतर सुचले नसते.

भारतात ती १८६० च्या सुमारास कोलकात्याला आली असे सांगतात. तिथल्या ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत १९४९ साली एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही रंगांची छदे देणारी 'मेरी पामर' ही जात सापडली. ही संस्था १८२० मध्ये विल्यम कॅरे याने काढली. मराठीच्या शिक्षकांना हे नाव अनोळखी नसावे. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापणारा मिशनरी तो हाच.

छदे म्हणालो, कारण बोगनवेलीचे रंगीत भाग पाकळ्या नव्हेत. आत जी बारीक पांढरट नळी दिसते ते फूल. रंगही वेगळ्या रसायनाचा, बीटाच्या जातकुळीतला. निळ्या गोकर्णाच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरून लिंबू पिळले तर पाणी जांभळट गुलाबी होते, सोडा टाकला तर हिरवट. बोगनवेलीचे पाणी लिंबाने फारसे बदलत नाही. आणि हळद? ती लिंबाला दाद देत नाही, चुन्याने लाल होते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शाळेला लिटमस कागद संपल्याची तक्रार करायला जागा नाही.

कृष्णकमळही अमेरिका खंडातले. मेक्सिकोहून आलेली या फुलाची चित्रे पाहून १६१० च्या सुमारास रोममध्ये जाकोमो बोसिओ याने त्यात ख्रिस्ताच्या क्रूसाची कथा वाचली: तीन कुक्षी म्हणजे खिळे, पाच पुंकेसर म्हणजे जखमा, भोवतीचे तंतू म्हणजे काट्यांचा मुकुट. तेच फूल आपल्या अंगणात आले तेव्हा तंतू शंभर कौरव झाले, पुंकेसर पाच पांडव, कुक्षी ब्रह्मा-विष्णू-महेश. फुलाने काहीच बदलले नाही. निरीक्षण आणि त्याचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या कशा, हे नववी-दहावीच्या वर्गात समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

ही परदेशी रोपे खेडोपाडी पोहोचली ती अनेक वाटांनी. हिंगोलीला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अशा छावण्यांतल्या बंगल्यांना बागा असत, आणि साहेब लोकांसाठी हिंदुस्थानातील बागकामाची पुस्तके १८६० च्या दशकापासून निघत होती. कलमे, बिया माळ्यांच्या हातून गावात जात. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज रेल्वे आली. स्टेशनच्या कुंपणांवर चढणाऱ्या एका जांभळ्या फुलांच्या वेलीला तर इंग्रजीत रेल्वेचेच नाव आहे. ब्राझीलची नारिंगी वेल आपल्याकडे जानेवारीत फुलते, म्हणून संक्रांतवेल झाली.

परक्या वेलींवर राग धरण्यात अर्थ नाही. मिरची आणि पेरू हेही तिकडचेच. खटकते ते दुसरेच. बोगनवेलीचे चार रंग सांगणाऱ्या मुलांना बांधावरची कळलावी ओळखता येत नाही. ही आपली देशी वेल पावसाळ्यात कंदातून उगवते. ज्वाळेसारख्या वर वळलेल्या पिवळ्या-लाल पाकळ्या, आणि पानाच्या टोकाचाच ताणा होऊन तो शेजारच्या फांदीला विळखा घालतो. डार्विनने कळलावीच्या एका भाईबंदावर हेच पाहिले होते. काटेरी कुंपणाच्या जागी तारेचे कुंपण आले की तिचा आधार जातो, आणि औषधासाठी कंद खणून नेणारेही आहेत. तिच्यातले कोल्चिसिन हे द्रव्य संधिवातासारख्या गाऊट या रोगावर देतात. १९३७ पासून वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठीही ते वापरले गेले. पण मात्रा थोडीही वाढली तर ते जीवघेणे ठरते. कळ आणणारी म्हणून कळलावी, असे नाव जुन्या सुइणींच्या वापरातून आले. शाळेच्या बागेत ती लावायची तर लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, तुरीच्या पळाट्यांचा आधार देऊन लावावी. कंद रताळ्याच्या जवळपासही ठेवू नयेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.