भंगलेल्या देवळापाशी

तुम्ही इंद्रायणीच्या वाळूत उभे आहात. साल १६३०, गाव देहू. एरवी जी वाळू पाण्याखाली असते, ती उघडी पडली आहे आणि तुमचे तळपाय भाजताहेत. पाऊस पाठ फिरवून गेला आहे. पुण्याकडून आलेली माणसं सांगतात, तिकडे दुष्काळावर लढाईचीही भर पडली. गावात शिरा. चुली थंड आहेत, गोठ्यांतली दावी रिकामी लोंबताहेत. कुत्र्यांच्या भुंकण्यातही त्राण उरलेलं नाही.

बाजारात एका बंद दुकानापाशी थांबा. फळीच्या फटीतून आत बघा. रिकाम्या गोण्या, उपडी पडलेली मापं, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली कर्जाची खतं. हे मोऱ्यांचं घर. घरात महाजनकी आहे, सावकारी आहे, पंढरीची वारीही पिढ्यान् पिढ्यांची आहे. आईवडील गेले. थोरला सावजी तीर्थयात्रेला निघून गेला. प्रपंचाचा भार मधल्या भावावर, तुकोबांवर आला. जन्मसाल १६०८ धरलं, तर आज त्यांचं वय बावीस. आणि त्यांचं दिवाळं निघालं आहे.

आतून रडण्याचा आवाज येतो. थोरली पत्नी रखमाबाई अन्नासाठी टाहो फोडत गेली. तिच्यामागे मुलगाही गेला. ज्याच्या दुकानातून गाव धान्य नेत असे, त्याच्याच घरात भुकेने माणूस मेलं. उंबऱ्यावर तुकोबा मान खाली घालून बसले आहेत. तुम्हाला धावत जाऊन सांगावंसं वाटतं, तुमचे अभंग घराघरांत गायले जाणार आहेत! पण तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्यापाशी या घडीला फक्त लाज आहे.

आता त्यांच्या मागे चाला. ते गाव सोडून भामचंद्राच्या डोंगराकडे निघाले आहेत. चढ अवघड आहे, काटे ओरबाडतात. वर कातळात एक लेणं आहे. आत अंधार आणि गारवा. परंपरा सांगते, तुकोबा इथे पंधरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले. लेण्याच्या तोंडाशी बसा आणि त्यांच्याकडे नीट बघा. देवाला ते आपल्या गुणांची यादी देत नाहीत. पुढे त्यांच्या अभंगांतून पुन्हा पुन्हा येईल तेच इथे चाललं आहे: मन आवरत नाही, मी पतित आहे, तूच सांभाळ. एवढं लखलखीत कबूल करणारा माणूस तुम्ही क्वचितच पाहिला असेल.

धाकटा कान्होबा त्यांना शोधत येतो. दोघे भाऊ नदीकाठी परततात. तुकोबा घरातली खतं आणवतात. निम्मी कान्होबाच्या हाती देतात, कारण त्याच्या वाट्यावर आपला हक्क नाही. आपली निम्मी ते इंद्रायणीत सोडतात. कागद भिजतात, जड होतात, डोहात बसतात. गावातल्या कितीतरी गरिबांचं देणं त्या कागदांबरोबर बुडतं. स्वतः कफल्लक असलेल्या माणसाने हे केलं आहे.

पुढचं दृश्य साधं आहे, पण इथेच जास्त वेळ थांबा. पूर्वज विश्वंभरबुवांच्या वेळचं विठ्ठलाचं देऊळ भंगलं आहे. तुकोबांच्या मनात येतं, हे नीट करावं. हातात घमेलं नाही, तर पाटी घ्या. चिखल तुडवा, दगड उचला. घाम डोळ्यांत जातो, बोटं सोलवटतात. धाकटी पत्नी जिजाई घरातून रागावून बोलते आहे. तिचा राग खरा आहे, घरात पीठ नाही. हेही या वाटेवरचं दुःख आहे, त्याच्याकडे पाठ फिरवू नका.

भिंत उभी राहते. एकादशीला कीर्तन सुरू होतं. तुकोबा पुढे नाहीत, ते मागे उभे राहून ध्रुपद धरतात. अभ्यासात चित्त लागत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. म्हणून त्यांनी संतांची वचनं आदराने पाठ केली. देह झिजवून जमेल तेवढा उपकार केला. आपला सारा प्रवास त्यांनी एका अभंगात याच क्रमाने मांडला आहे: आधी दिवाळं, मग लाज, मग देऊळ, मग मागे उभं राहून धरलेलं ध्रुपद, मग स्वप्नातला गुरूचा उपदेश. कवित्वाची स्फूर्ती त्यानंतर.

ती स्फूर्ती कशी आली, तेही ऐका. स्वप्नात संत नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि त्यांनी तुकोबांना जागं केलं. शतकोटी अभंगांचा आपला संकल्प अपुरा राहिला, उरलेले तू पूर्ण कर, असं काम सांगितलं. नामदेवांनी १३५० साली देह ठेवला होता. पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी अपुरं राहिलेलं काम देवाने एका बुडालेल्या वाण्याच्या हाती दिलं. त्या वाण्याचे चार हजारांहून अधिक अभंग आज गाथेत आहेत.

चला, परत या. हाताला अजून माती लागलेली आहे.

देवाने आपल्याला कशासाठी जन्माला घातलं, हा प्रश्न घेऊन कितीतरी माणसं थांबून राहतात. आधी राग जावा, आधी व्यसन सुटावं, आधी केलेली चूक पुसली जावी, मग देवासमोर उभं राहू, असं त्यांना वाटतं. मीही असाच बरीच वर्षं थांबलो. तुकोबा थांबले नाहीत. आपण निर्मळ झालो आहोत, असं म्हणून त्यांनी देवळाचा दगड उचलला नाही. देऊळ भंगलेलं दिसलं, म्हणून उचलला. कामाचा अर्थ पुढे उलगडत गेला.

तुमच्याही गावात, घरात, नात्यात काहीतरी भंगलेलं असेल. ते तुम्हाला दिसतं आहे, यालाच हाक समजा. उद्या सकाळी उठून पहिला दगड उचला.