फाटक्या आवाजाचे कूळ

आवाज फाटणे हा अँप्लिफायरचा दोष, अशीच आम्हां बहुतेकांची समजूत. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२च्या सुमारास जो अँप्लिफायर घडला, त्याचा नमुना अमेरिकेतील फेंडर बासमन. आणि तो तर मुळात खर्जाच्या गिटारीसाठी! १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टन यांनी गिब्सन गिटार या घराण्याच्या मार्शलला जोडली व रंगमंचावरचा दणदणीत आवाज तसाच ठेवला. निर्वात नळ्यांना भार पेलेनासा झाला की स्वरलहरींचे माथे छाटले जातात. स्वर दाटतो, लांबतो. आज त्या नादाचे उपासक खर्ज-तीव्राची बटणे पिळीत बसतात. आमच्या मते खरे बटण आवाजाचेच. ते पूर्ण उघडावे, तर सरकारी वसाहतीच्या भिंती पातळ! म्हणून हल्ली अँप्लिफायर व स्पीकर यांच्यामध्ये शक्ती जिरविणारी पेटी जोडतात.